घरचं वेगळं

मी सातवी पास झाले त्याच वर्षी आमच्या मळ्यातली वांगी पहिल्यांदा किडीशिवाय निघाली. घरात दोन्हींचा आनंद सारखाच झाला. बाबांनी गावात पेढे वाटले ते माझ्यासाठी की वांग्यांसाठी, हे तेव्हाही मला नीट कळलं नव्हतं.

आमचं गाव जानेफळहून मेहकरला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, नाल्याच्या काठाला. घरात बाबा, माय, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान भाऊ. कोरडवाहू जमीन होती, पण घर चालायचं ते विहिरीखालच्या मळ्यावर. वांगी, काकडी, दोडकी, मेथी, कोथिंबीर. दर बाजाराच्या दिवशी बाबा पहाटे बंडी जुंपत आणि माल मेहकरला नेत. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. शाळेत झेंड्याच्या दिवशी मास्तर सांगायचे की आता सगळं नवीन होणार आहे. आमच्या मळ्यात जे नवीन आलं ते बाटलीतून आलं.

त्याआधी किडकं वांगं ही कुणाला लाजेची गोष्ट वाटत नसे. माय चुलीतली राख चाळून सकाळच्या दवात झाडांवर उधळायची. निंबाचा पाला उकळून ते पाणी शिंपायची. अळी तरीही यायची. गावातल्या बायका वांगं चिरताना किडका भाग काढून टाकत आणि उरलेलं फोडणीला घालत. पण मेहकरात नोकरदार लोक वाढत चालले होते. त्यांच्या घरच्या बायका वांगं बोटांत फिरवून बघायच्या आणि बारीकसं भोक दिसलं तरी परत पाटीत टाकायच्या. बाबा ती परत टाकलेली वांगी संध्याकाळी घरी आणायचे आणि बैलांपुढं ओतायचे. ते मालाच्या बाबतीत फार मानी होते. आपला माल कुणी हातात घेऊन खाली ठेवला की त्यांना तो आपलाच अपमान वाटायचा.

एक दिवस जीपमधून एक माणूस गावात आला. कुठल्या कंपनीचा होता ते कुणी विचारलं नाही. त्यानं पारावर उभं राहून एक बाटली दाखवली आणि बादलीभर पाण्यात टोपणभर औषध कसं कालवायचं ते करून दाखवलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. वास इतका उग्र होता की पुढं बसलेली पोरं मागं सरकली. सगळे त्याला औषध म्हणाले, म्हणून आम्हीही औषध म्हणू लागलो. दुसरा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

बाबांनी मेहकरच्या दुकानातून एक बाटली आणली. सुरुवातीला फवारायचा पंप नव्हता. निंबाची डहाळी बादलीत बुडवायची आणि झाडांवर झटकायची. हातानंच कालवायचं, हातानंच शिंपडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मळ्यातून पळत घरी आले. मी त्यांना पळताना पहिल्यांदाच पाहिलं.

"चाला, पाहा," ते म्हणाले. "बंद्या, साऱ्याच्या साऱ्या अळ्या खाली पडल्या."

आम्ही सगळे गेलो. वांग्याच्या सऱ्यांत अळ्या पडल्या होत्या, मावा गळून पडला होता. बाबा एकेका झाडाखाली वाकून आम्हाला दाखवत होते. मायनंही पाहिलं. मग ती सरीच्या टोकाला गेली आणि तिथं थांबली. दोन साळुंक्या पंख पसरून पडल्या होत्या. त्या साळुंक्या रोज आमच्या पाटाच्या पाण्यामागं चालायच्या. एकीची चोच अजून उघडमीट करत होती.

"ह्या काऊन मेल्या?" मायनं विचारलं.

"अळ्या खाल्ल्या असतीन," बाबा म्हणाले. त्यांचं लक्ष वांग्यांकडं होतं.

मायनं त्या कुंपणापलीकडं टाकल्या. आमच्या मांजरीनं त्यातली एक शोधून काढली. मांजर दिवसभर गोठ्यात थरथरत पडली होती. संध्याकाळी मायनं तिला टोपलीत घालून नाल्याकडं नेलं आणि रिकामी टोपली घेऊन परत आली.

त्या बाटलीवर कवटीचं चित्र होतं, आणि बरोबर घडी घातलेला एक कागद होता. बाबांना अक्षरओळख होती, पण बारीक छापील अक्षर त्यांना लागत नसे. त्यांनी मला तो वाचायला सांगितला. मी सातवी पास, मोठ्या ऐटीत ओट्यावर बसून वाचला. हातांना लागू देऊ नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नये. फवारल्यावर दोन आठवडे माल तोडू नये.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"दोन आठवडे?" ते हसले. "तवरोक काकडी पिवळी पडून बियाले येईन. हे लिहिणाऱ्यानं कधी मळा केला नाही वाटते."

ते चुकीचं बोलत नव्हते. काकडी एक दिवसाआड तोडावी लागते. त्यांनी कागदाची घडी घालून ती भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि दर बाजाराच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, ते औषध मारत राहिले. सकाळी माल तोडला की तो चकाकायचा.

चार दिवसांनी भाकरी करता करता माय म्हणाली, "मले विहिरीमागचा एक वाफा वेगळा द्या. आपल्या घरापुरता. त्याच्यावर मारू नका."

मला वाटलं, बाबा चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी वादही घातला नाही. "घे," एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं. त्यांना ते औषध खरोखर निरुपद्रवी वाटत असतं तर त्यांनी मायला वेड्यात काढलं असतं.

तेव्हापासून आमच्या मळ्यात घरचं वेगळं आणि बाजारचं वेगळं झालं. घरच्या वाफ्यातली काकडी वाकडी यायची, माशीनं डंख मारलेली असायची, वांग्यात अळी असायची. आम्ही ती कापून काढायचो आणि खायचो. कुणी पाहुणा आला की माय भाजी विहिरीमागून आणायची. गावात ज्यांनी ज्यांनी पंप घेतले त्या सगळ्यांनी असाच एकेक वाफा ठेवला. त्याबद्दल कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मेहकरच्या मुलींच्या शाळेतल्या एक बाई बाबांच्या कायमच्या गिऱ्हाईक होत्या. पुण्याकडच्या. त्यांचे यजमान चिखलीला नोकरीला होते आणि शनिवारी यायचे. घरी बाई आणि त्यांची चार वर्षांची मुलगी, आम्ही तिला छोटी म्हणायचो. बाबांनी बाजारात कौतुकानं माझ्या मार्कांचं सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मग पुढं शिकवा तिला. राहू द्या माझ्याकडं. छोटीलाही सोबत होईल."

बाबांना हे खरं वाटेना. त्यांनी दोन बाजार विचार केला आणि तिसऱ्या बाजाराला माझी पत्र्याची पेटी बंडीत टाकली. बाईंनी राहण्याजेवण्याबद्दल काही घ्यायला नकार दिला. म्हणून बाबा दर बाजाराच्या दिवशी सकाळी आधी त्यांच्या दाराशी बंडी थांबवायचे आणि एक टोपली भरून माल ओट्यावर ठेवायचे. त्यातली सगळ्यात सरळ काकडी, सगळ्यात काळी चकचकीत वांगी. बाजारात न्यायच्या आधी निवडून काढलेली.

"आरशासारखी आहेत हो तुमची वांगी," बाई म्हणायच्या. बाबांचा चेहरा फुलायचा.

पहिल्या महिन्यात मी तेच खाल्लं. मग एका बाजाराला मी बाबांबरोबर बंडीपर्यंत गेले आणि म्हणाले, "बाबा, बाईंसाठी घरच्या वाफ्यातलं आणा ना."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "ते वाकडंतिकडं, डंख पडलेलं? असं कोणाच्या दारात नेते का? लोक म्हणतीन, जी बाई पोरीले जेवू घालते तिलेच किडकं देते हा."

"पण याच्यावर काल मारलेलं असते."

ते बैलाच्या मानेवरची दोरी सारखी करत राहिले. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "तू खाऊ नको. सांग, मले चालत नाही."

मी तसंच सांगितलं. वांगं आणि काकडी खाल्ली की माझ्या अंगावर पुरळ उठतं, असं मी बाईंना म्हणाले. बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, महिनाभर खातेयस, आधी का नाही सांगितलंस?" त्या दिवसापासून त्या शाळेतून थकून आल्या तरी माझ्यासाठी वेगळं करायच्या. कधी मुगाची डाळ, कधी पिठलं. छोटी माझ्या शेजारी बसून भरली वांगी खायची आणि माझ्या ताटातलं पिठलं बोटानं चाखायची. मी माझं जेवायची. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. ते वय काही न समजण्याइतकं लहान नव्हतं.

असं पाच-सहा महिने चाललं. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून मला हळूहळू वाटू लागलं की कागदावर लिहिलेलं खोटंच असेल. बाईंना अधूनमधून डोकं दुखायचं, मळमळायचं. त्या म्हणायच्या, इथलं पाणी बाधतं.

मार्गशीर्षातला बाजार होता. त्या आठवड्यात काकडीवर माशी फार पडली होती, आणि बाबांनी औषध नेहमीपेक्षा कडक कालवलं होतं. हे मला नंतर कळलं. सकाळी त्यांनी टोपली ठेवली आणि ते गेले. शाळा सकाळची होती. शेजारच्या एक आजी छोटीला सांभाळायच्या. आम्ही बारा वाजता घरी आलो तर छोटी ओट्यावर टोपलीशेजारी बसलेली, आणि तिच्यापुढं काकडीचे दोन-तीन देठ पडलेले. बाई हसल्या. "धुवायची तरी वाट बघायचीस," असं म्हणून त्यांनी टोपली आत नेली.

तासाभरानं छोटीला उलटी झाली. मग पुन्हा. तिच्या तोंडातून लाळ सुटायची थांबेना. घाम इतका आला की परकर अंगाला चिकटला. बाईंनी तिला उचललं तेव्हा तिचे हातपाय आपोआप उडत होते. बाई तशाच अनवाणी निघाल्या आणि मी त्यांच्या मागं. डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी छोटीच्या पापण्या वर केल्या, बॅटरी मारली आणि बाईंना विचारलं, "घरात ढेकणाचं औषध, पिकावरचं औषध, असलं काही आहे?"

"नाही हो. आमच्याकडं असलं काही येत नाही."

"हिनं काय खाल्लं?"

"काकडी. आमच्याकडं मळ्यातून ताजी येते. पण ती तर आम्ही नेहमीच..."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. छोटीच्या घशातून घरघर येत होती. मी म्हणाले, "काकडीवर औषध मारलेलं असते."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"कोणतं? कधी मारलं?" डॉक्टरांनी विचारलं. मला नाव सांगता येईना. ते इंजेक्शन भरत होते. "मी हे सुरू करतो. तू बापाकडं पळ. कोणतं औषध, किती कडक, कधी मारलं, विचारून ये. पळ."

मी पळाले. बाजार ऐन भरात होता. बाबा नेहमीच्या जागी बसले होते. पाटीत थोड्या काकड्या आणि वांगी उरली होती. त्यांच्यापुढं एक बाई उकिडवी बसून काकड्या निवडत होती. हिरवं लुगडं, एका बाजूचा बंद तुटलेली पिशवी. ती पिशवी तिनं गुडघ्यावर उघडी धरली होती.

"बाबा, छोटी आजारी हाय," मी म्हणाले. "डॉक्टर विचारून राह्यले, काकडीवर कोणतं औषध मारलं."

बाबांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "हळू बोल."

"काय झालं हो?" त्या बाईनं विचारलं.

"काही नाही, माय. घरचं हाय," बाबा म्हणाले. मग माझ्या कानाशी तोंड आणून त्यांनी बाटलीचं नाव सांगितलं. "काल संध्याकाळी मारलं. थोडं जास्त घातलं होतं." छोटीवर त्यांचा जीव होता. दर बाजाराला ते तिच्यासाठी बोरं किंवा हरभऱ्याचे घाटे वेगळे बांधून आणायचे.

आणि हे सगळं बोलत असताना त्यांच्या हातांनी त्या बाईच्या काकड्या उचलून तिच्या पिशवीत घातल्या. मी ते पाहिलं. ती बाई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिनं पिशवी काखेत मारली, माझ्याकडं पाहून म्हणाली, "बरं होईन हो लेकरू, घाबरू नको," आणि ती गर्दीत गेली.

मी तिला काही सांगितलं नाही. मला पळायचं होतं, डॉक्टर थांबले होते, ही सगळी कारणं खरी आहेत. पण धुवून खा, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? बापाची लाज राखायची म्हणून मी गप्प बसले. तिच्या घरी किती लेकरं होती, तिनं काकडी सोलली की नाही, मला माहीत नाही. तिचं तोंड मात्र मला आजही चित्रात काढून दाखवता येईल.

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. छोटीला दुपारभर इंजेक्शनं चालू होती. दिवस मावळायच्या सुमाराला तिची लाळ थांबली आणि तिनं आईला ओळखलं. डॉक्टर म्हणाले, "ही वाचली, कारण वेळेवर कळलं." त्यांनी हे माझ्याकडं बघून, शाबासकीच्या सुरात म्हटलं. बाई छोटीचं तोंड पुसत राहिल्या.

बाबा बाजार उठवून दवाखान्याच्या बाहेर येऊन उभे राहिले होते. टोपी काढून हातात धरली होती. बाई बाहेर आल्या, त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा आत गेल्या. मी त्यांच्या मागं गेले. त्या छोटीच्या खाटेशेजारी बसल्या आणि त्यांनी मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"म्हणून तू खात नव्हतीस."

पुन्हा मानेनंच हो.

"तुमच्या घरी तुम्ही काय खाता?"

"घरचं वेगळं असते," मी म्हणाले.

बाईंनी तेवढं ऐकलं आणि त्या छोटीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिल्या. नंतर हळू आवाजात, जणू स्वतःशीच, म्हणाल्या, "मी रोज तुझ्यासाठी वेगळी डाळ शिजवत होते." एवढंच. त्या ओरडल्या असत्या, मला मारलं असतं, तर मी रडून मोकळी झाले असते. तसं त्यांनी काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी पेटी भरून दिली. पुस्तकं वर ठेवली, ती चुरगळू नयेत म्हणून. म्हणाल्या, "तुझं शिक्षण थांबावं असं मला मुळीच वाटत नाही. पण मी तुला या घरात नाही ठेवू शकत. तुझ्याकडं बघितलं की मला जेवण जायचं नाही." मग त्यांनी मला मोटारीत बसवून दिलं. तिकीट त्यांनीच काढलं.

घरी मायला सगळं आधीच कळलं होतं. तिनं मला जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही. ताट वाढलं. जेवताना ती बाबांना म्हणाली, "आता बंद करा ते."

"बंद करतो," बाबा म्हणाले. "मंग बाजारात किडकं कोण घेते, सांग. त्या शाळेतल्या बाईनं घेतलं असतं? ती माह्या पाटीपाशी आली तेच चकचकीत पाहून. मी बंद केलं तर बाजूचा मारते. त्याचं खपीन, माह्यं पडून राहीन."

"पण त्या लेकराचा जीव जात होता."

"माह्या हातानं जात होता, ठावं हाय मले," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच ते मोठ्यानं बोलले होते. ते ताटावरून उठले आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं मळ्यातून पंपाचा आवाज आला. आम्ही गेलो तर ते विहिरीमागं उभे होते. मायच्या वाफ्यात. पाठीवर पंप, आणि वाकड्या काकड्यांवर, दोडक्यांवर, मेथीवर ते पांढरं पाणी पडत होतं. वाफा संपेपर्यंत ते थांबले नाहीत.

"आता आपलं बी सारखंच," ते म्हणाले. "आता कोणी म्हणणार नाही, घरचं वेगळं."

मी त्या वेळी त्यांचा तिरस्कार केला. आता वाटतं, माणसाला शरम वाटली की तो काय करेल याचा नेम नाही. त्यांना दुसऱ्यांचं विष थांबवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते आपल्याला वाढून घेतलं. पण ते एकटेच खाणार नव्हते. माय होती, मी होते, आठ वर्षांचा भाऊ होता. दुसऱ्या दिवशी मायनं त्याच वाफ्यातली मेथी खुडली, तीन पाण्यांतून धुतली आणि शिजवली. आम्ही खाल्ली. पुढची सगळी वर्षं आम्ही तेच खाल्लं.

माझी शाळा दोन वर्षं सुटली. मग बुलढाण्याला एका वसतिगृहात जागा मिळाली, मी उशिरा का होईना शिकले आणि मास्तरीण झाले. मेहकरच्या बाईंची बदली झाली होती. मी त्यांना दोनदा पत्र लिहिलं, पण टाकलं नाही. पत्ता कुठून तरी मिळाला असता. मी शोधला नाही.

सुट्टीत घरी गेले की मळा दर वेळी थोडा अनोळखी दिसायचा. पाटात बेडूक दिसेनासे झाले. पंप धुतलेलं पाणी पाटातच जायचं. मधमाश्या कमी झाल्या तशी काकडीची फुलं फळ न धरताच गळू लागली. माय सकाळी उठून नर फूल खुडायची आणि ते एकेका मादी फुलाला लावत फिरायची. तिला हे कुणी शिकवलं होतं, कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाली, "माश्या येत नाहीत, तर त्यायचं काम कोणी तरी करावं लागते." बाबा म्हणायचे, खत कमी पडते. मग खत वाढलं. मग औषध बदललं, कारण अळी पहिल्या औषधानं मरेना. नवीन बाटलीवरही कवटी होती, रंग तेवढा वेगळा. आता कागद भाऊ वाचायचा. तो काय वाचून दाखवायचा आणि बाबा काय ऐकायचे, मी विचारलं नाही.

पन्नाशीच्या आतच मायच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, कागद लिहिले, आणि आता घरी न्या म्हणाले. ती काय खात होती, हे त्यांनी विचारलं नाही. त्या गाठीचं कारण तो मळाच होता असं मी म्हणत नाही. म्हणता येत नाही. गाठी औषध मारण्याआधीही लोकांना होत होत्या. पण कुणी मला छातीवर हात ठेवून सांगावं की तसं नव्हतं, तर तेही कुणाला सांगता येणार नाही. ज्यांनी आमचा माल खाल्ला त्यांच्यापैकी कितीजणांचं काय झालं, तेही असंच अधांतरी राहिलं. बाबांना हे बरंच होतं. आणि मलाही.

माय गेल्यावर सहा-सात महिन्यांनी मी घरी गेले होते. बाबांचे हात तोवर इतके कापू लागले होते की चहाची बशी त्यांना धरता येत नसे. पंप आता भावाकडं होता. तो दिसायला अगदी तरण्या वयातल्या बाबांसारखा. संध्याकाळी मी मळ्यात गेले तेव्हा तो काकडीवर फवारत होता आणि बाबा बांधावर बसून बघत होते. पश्चिमेकडून वारा सुटला होता. धुक्यासारखे बारीक थेंब बांधाकडं, आमच्या अंगावर येत होते. बाबांनी तोंडासमोर उपरणं धरलं.

"तसा नको उभा राहू," ते भावाला ओरडून म्हणाले. "वाऱ्याकडं पाठ कर. आपल्या अंगावर नाही आलं पाहिजे."

भाऊ फिरला आणि वाऱ्याकडं पाठ करून उभा राहिला. मी बाबांना उठवून वारा येत होता त्या बाजूला, भावाच्या मागं नेलं. ते धुकं आता रिकाम्या बांधावरून नाल्यापलीकडं, शेजाऱ्याच्या शेतात निघालं होतं. तिथं दोन बाया वाकून निंदत होत्या. त्यांनी मान वर करून एकदा इकडं पाहिलं, पदर नाकाला लावला आणि पुन्हा खाली वाकल्या.